दमा असलेल्या मुलाचं लक्ष का लागत नाही? दमा आणि एडीएचडी यांचा आतून असलेला संबंध

एका आईचा प्रश्न आहे. मुलगा आठ वर्षांचा, तीन वर्षांचा असल्यापासून दमा, रोज सकाळ-संध्याकाळ स्टेरॉइडचा पंप आणि दम लागला तर लगेच आराम देणारा निळा पंप. गेल्या वर्षापासून शाळेतून सारख्या तक्रारी येतायत, जागेवर बसत नाही, वह्या अर्धवट, सांगितलेलं विसरतो, आता शाळेने एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अति चंचलपणाच्या त्रासासाठी, दाखवून घ्या म्हटलंय. त्यात ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की हे सगळं पंपामुळे झालंय, बंद करून टाका. तर त्या विचारतायत की दोन्हीचा खरंच काही संबंध आहे का, पंपामुळे हे झालं का, आणि धाकट्या मुलीलाही दमा आहे तर तिलाही पुढे हेच होणार का.

ताई, आधी एकच सांगते, पंप बंद करू नका. का ते खाली सविस्तर येईलच, पण हे वाचता वाचता मध्येच कुणी हाक मारली आणि बाकीचं राहून गेलं तरी एवढं लक्षात राहू द्या. मी लहान मुलांच्या छातीचे आजार बघते, बरीच वर्षं बघतेय, आणि पंप असा अचानक बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी रात्री धाप लागून आलेली मुलं मी बघितलेली आहेत, ते बघवत नाही.

आता संबंधाचं. संबंध आहे, आणि तो योगायोग म्हणून सोडून देता येईल इतका बारीक नाहीये. २०१८ साली या विषयावरचे तोवरचे जवळपास सगळे अभ्यास एकत्र करून मोठं विश्लेषण झालं, त्यात मिळून ३३ लाखांवर लोकांची माहिती होती, आणि वय, घरची परिस्थिती, आईचं धूम्रपान असल्या गोष्टी हिशोबात धरल्यावरही दमा आणि एडीएचडी एकत्र असण्याची शक्यता साधारण दीडपट निघाली. त्याच टीमने स्वीडनच्या सरकारी नोंदींमधली १५ लाखांवर मुलं-माणसं तपासली, तिथेही आकडा जवळपास तेवढाच. म्हणजे देश बदलला, पद्धत बदलली तरी उत्तर तेच येतंय. पण दीडपट म्हणजे काय हे नीट समजून घ्या, कारण तिथेच लोक घाबरतात. साधारण १०० मुलांत ५ च्या आसपास मुलांना एडीएचडी असतो, दमा असलेल्या १०० मुलांत तो ७-८ जणांना असेल. उरलेल्या ९२-९३ जणांना नाही.

मग हे दोन आजार जोडलेत कुठे? एक छातीत, एक डोक्यात. माझं मत विचाराल तर दम्यामुळे एडीएचडी होतो असं सरळ नाहीये, दोन्ही बऱ्याच अंशी एकाच मुळावरून वर येतात, आणि वर आल्यावर मग एकमेकांना बिघडवत राहतात. हे दोन भाग वेगळे ठेवले तरच काय करायचं ते कळतं, कारण मुळाचं आपण आज काही करू शकत नाही, पण एकमेकांना बिघडवणं मात्र बऱ्यापैकी थांबवता येतं.

मुळाचं आधी सांगते. स्वीडनमध्येच जुळ्या मुलांवर एक अभ्यास झाला, २०११ मध्ये आला तो. ८-९ वर्षांचं असताना ज्यांना दमा होता त्यांच्यात १३-१४ व्या वर्षी चंचलपणाची, उतावीळपणाची लक्षणं जवळजवळ दुपटीने दिसली, आणि तुमच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे दम्याच्या औषधांमुळे हे होतंय का तेही त्यांनी तपासलं आणि तसं निघालं नाही. जुळ्यांचा फायदा असा की एकसारखी जुळी आणि साधी जुळी यांची तुलना केली की आनुवंशिक भाग किती, बाकीचा किती, याचा अंदाज लागतो, आणि इथे दमा आणि चंचलपणा यांना जोडणारा मोठा भाग आनुवंशिक निघाला. पुढे २०१९ मध्ये जीन्सच्या पातळीवर तुलना झाली तेव्हा दम्याची एडीएचडीशी, आणि शिवाय चिंतेच्या आजाराशी आणि नैराश्याशीही आनुवंशिक जवळीक दिसली. म्हणजे दोन्ही आजारांत शेकडो जीन्सचा थोडा थोडा हात असतो आणि त्यातले काही सामाईक आहेत. एखादा 'दमा-एडीएचडी जीन' असा काही प्रकार नाही, त्यामुळे कुणी महागडी जीन टेस्ट सुचवली तर करू नका, त्यातून आज उपचाराला उपयोगी असं काहीही हाती येत नाही.

दुसरं मूळ गर्भातलं. गरोदरपणात आईला दमा असेल तर बाळाला पुढे एडीएचडी असण्याची शक्यता थोडी वाढलेली दिसते, नॉर्वे आणि डेन्मार्कच्या नोंदींमधून हे आलंय, आणि डेन्मार्कच्या अभ्यासात वडिलांच्या दम्यापेक्षा आईच्या दम्याचा संबंध जास्त होता. नुसते जीन्सच कारण असते तर आई-वडील दोघांचा संबंध सारखाच यायला हवा होता ना? तो तसा येत नाही म्हणजे गर्भातल्या वातावरणाचाही वाटा असणार. प्राण्यांवरच्या प्रयोगांत याची झलक मिळते. गाभण उंदरांमध्ये मुद्दाम ॲलर्जीची सूज निर्माण केली तर पिल्लांच्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशींचं वागणं बदलतं. या पेशी मेंदूच्या संरक्षक तर आहेतच, पण वाढत्या मेंदूत नको असलेली जोडणी छाटायचं कामही त्याच करतात, ती छाटणी कमीजास्त झाली की पुढे वागण्यात फरक पडतो. यावरून गरोदर बायकांनी पंप बंद करावा असा अर्थ कृपया कुणी काढू नका, उलटाच अर्थ आहे, गरोदरपणात दमा ताब्यात असणं आई आणि बाळ दोघांसाठी जास्त चांगलं. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्माचं कमी वजन, गरोदरपणातलं धूम्रपान, हवेतले बारीक कण, हे सगळं दम्याच्याही यादीत आहे आणि एडीएचडीच्याही. आणि हे वाचून कुठलीच आई स्वतःला दोष देत बसणार नाही अशी आशा करते, कारण यातलं बहुतेक कुणाच्याच हातात नसतं.

आता वर आल्यावरचं, म्हणजे आजार चालू असताना शरीरात काय होतं ते.

दमा म्हणजे नुसतं श्वासनलिका आकसणं नव्हे, ती कायमची धुमसणारी सूज आहे. ॲलर्जीच्या दम्यात इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३ ही रसायनं वाढलेली असतात, आणि त्रास जोरात असला की इंटरल्यूकिन ६, टीएनएफ वगैरे सूज वाढवणारी रसायनं पण. ही रक्तातून फिरतात आणि त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो, थोडा रक्तावाटे आणि थोडा व्हेगस नावाच्या नर्व्हमधून, जी फुफ्फुसातून थेट मेंदूच्या देठापर्यंत जाते आणि तिथून जागेपणा आणि सावधपणा सांभाळणाऱ्या नॉरॲड्रेनालिन नावाच्या रसायनाच्या केंद्राशी तिचा संबंध येतो. शिवाय सूज असली की डोपामिन आणि सिरोटोनिन ही मेंदूतली निरोप पोचवणारी रसायनं बनवायच्या प्रक्रियेत अडथळे येतात, सिरोटोनिन ज्या ट्रिप्टोफॅनपासून बनतं ते दुसऱ्याच रस्त्याला वळवलं जातं, डोपामिन बनायला लागणारं एक सहाय्यक द्रव्य कमी पडतं. आणि एडीएचडीची जी मुख्य औषधं आहेत ती मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिनच वाढवतात. धागा इथे जुळतो. अर्थात आठ वर्षांच्या मुलाचा सौम्य दमा आणि ताप किंवा सेप्सिस (रक्तात पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग) यातली सूज यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे या भागाला मी महत्त्व देते पण सगळं खापर त्याच्यावर फोडत नाही.

मेंदू आणि श्वासनलिका एकमेकांशी बोलतात याचा एक सुंदर प्रयोग आहे, २००५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातला. फक्त सहा जण होते आणि तेही मोठी माणसं, त्यामुळे त्यावरून मोठं विधान करत नाही, पण गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. सौम्य दमा असलेल्या लोकांना ॲलर्जीचा पदार्थ हुंगायला दिला आणि एमआरआय मशीनमध्ये काही शब्द दाखवले, काही 'घरघर'सारखे दम्याचे, काही एकटेपणासारखे दुःखाचे, काही पडद्यांसारखे साधे. दम्याच्या शब्दांना मेंदूच्या दोन भागांनी वेगळा प्रतिसाद दिला, आणि तो प्रतिसाद जितका जोरात तितका त्यांच्या श्वासनलिकेतल्या सुजेशी आणि कमी झालेल्या श्वासाशी जुळत होता. त्यातला एक भाग, अँटेरियर सिंग्युलेट, लक्ष कुठे द्यायचं ते ठरवण्यात कामाला असतो. ज्याच्या छातीत सारखं काहीतरी चाललंय त्याच्या मेंदूचं थोडं लक्ष कायम छातीकडेच असणार, फळ्याकडे उरलं तेवढं जाणार.

पण ताई, इतकं सगळं सांगूनही तुमच्या मुलाच्या बाबतीत मी सगळ्यात आधी कशाकडे बघेन तर झोपेकडे. बहुतेक वेळा तिथेच काहीतरी सापडतं.

श्वासनलिका सगळ्यांच्याच पहाटे चारच्या आसपास सगळ्यात अरुंद असतात, सूज आवरणारं शरीरातलं नैसर्गिक कॉर्टिसॉल रात्री उतरलेलं असतं, त्यामुळे दमा असलेलं मूल नेमकं तेव्हा खोकतं. आई-बाबांना वाटतं मूल झोपलंय, कारण ते उठून बसत नाही, रडत नाही, नुसतं खोकतं, कूस बदलतं, परत झोपतं. पण मेंदू दरवेळी अर्धवट जागा झालेला असतो. असं रात्रीत कित्येकदा. मोठ्या माणसाची झोप झाली नाही की तो पेंगतो, लहान मूल मात्र उलट वागतं, ते जास्त धावतं, जास्त चिडतं, एका जागी टिकत नाही, स्वतःला जागं ठेवायलाच जणू शरीर हालत राहतं. वर्गात ते हुबेहूब एडीएचडीसारखं दिसतं. त्यात दम्याच्या मुलांना सर्दीची ॲलर्जी बहुधा असतेच, नाक बंद, तोंड उघडं टाकून झोप, कुणाकुणाचे ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढलेले, घोरणं. यात एक अभ्यास फार नीट झालाय, २०१३ चा, ज्यात झोपेत श्वास अडणाऱ्या मुलांचे टॉन्सिल-ॲडेनॉइड काढले. लक्षाच्या औपचारिक चाचण्यांमध्ये फार फरक पडला नाही, पण घरचं आणि शाळेतलं वागणं, झोप, एकूण जगणं सुधारलं. म्हणजे झोप दुरुस्त केली की सगळा एडीएचडी पळून जातो असं नाही, पण त्यावर चढलेला एक थर निघतो आणि खाली खरं काय आहे ते दिसतं.

म्हणून आठवडाभर एक काम करा. रात्री तो खोकला का, कितीदा, घोरतो का, तोंड उघडं असतं का, सकाळी उठवायला त्रास होतो का, आणि निळा पंप किती वेळा लागला, हे एका कागदावर रोज लिहा. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम, पण डॉक्टरांना ते कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा जास्त सांगतं. रात्रीचा खोकला चालूच असेल किंवा निळा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा ताब्यात नाहीये, औषध चालू असलं तरी नाहीये.

आणि औषध चालू आहे म्हणजे ते आत जातंय असंही नाही! मी मुलांना नेहमी सांगते, मला करून दाखव. पालकांनी नाही, मुलाने. आणि मग दिसतं ते असं की पंप हलवला न हलवला, स्पेसरमध्ये, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्यात, लागोपाठ दोन पफ मारले, एक श्वास घेतला, तेवढ्यात दारातून कुणी गेलं तिकडे मान वळली, मास्क गालावरून सरकला, औषध हवेत. ज्याचं लक्ष टिकत नाही त्याला हे पाच-सहा शांत श्वास फार जड जातात. आणि इथे चक्र पूर्ण होतं, लक्ष नाही म्हणून पंप नीट होत नाही, पंप नीट नाही म्हणून रात्री खोकला, खोकला म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून लक्ष अजून कमी. त्यामुळे आठ वर्षांच्या मुलाच्या हातात पंप देऊन 'घे रे तुझा तू' असं म्हणू नका, काही वर्षं तरी समोर बसून, एका पफला एकदा, श्वास मोजत द्या. पंपावर आकड्याचा काउंटर असेल तर महिन्याच्या शेवटी तो बघा, तो खोटं बोलत नाही.

आता पंपाचा मेंदूवर परिणाम. श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडवर अमेरिका आणि कॅनडात मिळून १,०४१ मुलांचा अभ्यास झाला, चार ते सहा वर्षं सलग औषध देऊन, त्यात बुद्धीवर किंवा मानसिक वाढीवर वाईट परिणाम दिसला नाही. उंचीवर थोडा दिसला, मोठेपणी सरासरी १.२ सेंटीमीटर कमी, आणि ते लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगतेय, म्हणूनच आम्ही चालेल तेवढा कमी डोस ठेवतो. पण वागण्यावर परिणाम करणारी दम्याची दुसरी औषधं आहेत, त्यांच्याकडे बघा. निळ्या पंपाने थोडा वेळ हात थरथरतात, छाती धडधडते, मूल अस्वस्थ होतं, काही तासांत जातं. अटॅकच्या वेळी तोंडाने दिलेल्या स्टेरॉइडने चिडचिड, धावपळ, झोप उडणं हे बरंच दिसतं आणि कोर्स संपल्यावर काही दिवसांत निवळतं, त्या आठवड्यात शाळेने केलेली तक्रार मी बाजूला ठेवते. आणि तिसरं मॉन्टेलुकास्ट, ती रात्रीची गोळी किंवा चघळायची गोळी. अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२० मध्ये तिच्यावर सगळ्यात कडक इशारा टाकला, कारण काही जणांमध्ये वाईट स्वप्नं, झोप बिघडणं, चिडखोरपणा, नैराश्य, अगदी आत्महत्येचे विचार इथपर्यंत दिसलंय. बहुसंख्य मुलांना काहीच होत नाही, पण तुमचा मुलगा ती घेत असेल आणि वागणं ती सुरू केल्यानंतर बदललं असेल तर तारखा जुळवून बघा आणि डॉक्टरांना लगेच सांगा. सर्दीसाठी जुन्या पद्धतीची झोप आणणारी औषधं चालू असतील तर तीही सांगा, दुसऱ्या दिवशीचं लक्ष त्यानेही जातं, आणि काही मुलं त्याने उलट जास्त उधळतात.

रक्तातलं लोह एकदा तपासून घ्यायला हरकत नाही. डोपामिन बनवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, आणि कमी असलं की रात्री पाय हलत राहतात, झोप मोडते. फक्त फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी, सर्दी-ताप नसताना करा, कारण सूज असली की ते खोटं वाढलेलं दिसतं. पदार्थांच्या ॲलर्जीसाठी ती लांबलचक आयजीजी नावाची रक्ताची टेस्ट मात्र नको, तिच्या यादीवरून मुलाचं अर्धं खाणं बंद केलेले पालक येतात, लक्ष आहे तिथेच असतं आणि वजन कमी झालेलं असतं.

एवढं सगळं झालं म्हणजे एडीएचडी नाहीच असं मी म्हणत नाहीये. उलट मला दुसरी भीती पण वाटते, की 'दम्यामुळेच असेल' म्हणत वर्षं निघून जातात आणि मूल बिचारं आळशी, मस्तीखोर असे शिक्के घेऊन मोठं होतं. निदानाला नियम आहेत, लक्षणं सहा महिने तरी हवीत, बारा वर्षांच्या आधी सुरू झालेली हवीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. दमा पूर्ण ताब्यात आहे, रात्री शांत जातायत, आणि तरी दोन-तीन महिन्यांनी चित्र तेच असेल तर नक्की दाखवा, आणि अपॉइंटमेंटला वेळ लागणार असेल तर ती आत्ताच घेऊन ठेवा, तेवढ्यात इकडचं काम होईल. शाळेत फारच अडत असेल, मुलगा स्वतःला नावं ठेवायला लागला असेल, तर वाट बघू नका, दोन्ही बरोबरच सुरू करा.

एडीएचडीचं औषध लागलंच तर मिथाइलफेनिडेट दम्याच्या मुलांना देता येतं, दमा म्हणून ते टाळायचं कारण नाही, फक्त ते आणि निळा पंप दोघंही हृदयाचे ठोके वाढवतात त्यामुळे नाडी आणि बीपी बघत राहायचं. ॲटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचं दुसरं औषध चालू असेल तर ते मात्र इमर्जन्सीत वाफ देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण सालब्युटामॉलचे, म्हणजे निळ्या पंपातल्याच औषधाचे, मोठे डोस वाफेने किंवा शिरेतून दिले की दोघं मिळून हृदयावर जास्त ताण येऊ शकतो. पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवा, दोन्ही आजारांची सगळी औषधं डोससकट लिहिलेली. छातीचे डॉक्टर वेगळे, लक्षाचे वेगळे, आणि दोघांनी एकमेकांचं प्रिस्क्रिप्शन बघितलेलंच नाही असं फार वेळा होतं.

राहिली धाकटी. नुसत्या दम्याचा हिशोब वर दिला तोच, १०० तल्या ७-८. पण भावाला एडीएचडी निघाला तर तिची शक्यता त्याहून जास्त धरायची, कारण एडीएचडी पुष्कळसा आनुवंशिक आहे, दम्यापेक्षा ते नातं जास्त जड. आणि मुलींमध्ये तो बऱ्याचदा धावपळीचा नसतो, शांत बसून खिडकीबाहेर बघणारा, वस्तू हरवणारा, अर्धं वाक्य ऐकणारा असतो, वर्गात कुणाला त्रास नाही म्हणून शाळेतून तक्रारच येत नाही. तिच्यासाठी आत्ता कसलीही टेस्ट नको, तिचा रात्रीचा खोकला त्याच कागदावर दुसऱ्या रकान्यात लिहा, आणि ती वाचायला-लिहायला लागल्यावर बाईंना तुम्ही स्वतःहून विचारा.